सुवालीच्या बंदरापासून लंडनपर्यंत

एखादे गाव किती दूर आहे असे विचारले, तर शहरातला माणूस किलोमीटर सांगतो. खेड्यातला जुना माणूस मात्र ‘पाऊण दिवसाची वाट आहे’ किंवा ‘दिवस मावळायच्या आत पोचाल’ असे उत्तर देतो. पहिले उत्तर भूगोलाचे आहे, दुसरे इतिहासाचे. भूगोलाचे अंतर सहसा बदलत नाही. इतिहासाचे अंतर मात्र शतकाशतकाला बदलत आले आहे. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या किनाऱ्यापासून लंडनपर्यंतचे हे दुसरे अंतर चारशे वर्षांत कसे बदलत गेले, ते आज पाहावयाचे आहे.

हजीरा हे तापीच्या मुखाशी, तिच्या उजव्या तीरावर वसलेले ठिकाण. गुजराती बोलीत हजीरा म्हणजे मकबरा. बडोद्याचा हजीरा सर्वांना ठाऊक आहे. आज या बाजूला खतांचे, पोलादाचे, नैसर्गिक वायूचे मोठमोठे कारखाने आणि जहाजांचे धक्के उभे आहेत. त्याच किनाऱ्याने थोडे उत्तरेकडे गेले की सुवाली नावाचे गाव लागते. इंग्रज खलाशी त्याला ‘स्वाली’ म्हणत. तापीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा असल्यामुळे मोठी जहाजे नदीतून सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. पण सुवालीसमोर निसर्गाने एक सोय करून ठेवली होती. किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांबट बांध समुद्रात होता. भरतीला तो पाण्याखाली जाई, ओहोटीला उघडा पडे. तो बांध आणि किनारा यांच्यामधल्या खोल पट्ट्यात जहाजे निर्धास्तपणे नांगर टाकून राहत. तेथे माल उतरावयाचा आणि बैलगाड्यांनी किंवा होड्यांनी सुमारे बारा मैलांवरच्या सुरतेस न्यावयाचा, असा क्रम होता. त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे समुद्राकडचे महाद्वारच होते. हाजी लोक मक्केला जात तेही येथूनच.

आता प्रथम भूगोलाचे अंतर. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर लंडन आणि सुरत या दोन ठिकाणी दोरा ताणून धरा. मुलांना हा प्रयोग मी नेहमी करावयास लावतो, कारण भिंतीवरच्या सपाट नकाशाने झालेला गैरसमज त्याने एका क्षणात दूर होतो. दोरा प्रथम जवळजवळ सरळ पूर्वेकडे निघतो. जर्मनीवरून, युक्रेनच्या दक्षिणेवरून, कास्पियन समुद्रावरून तो इराणात उतरतो, तेथून सिंध आणि सौराष्ट्र ओलांडून खंबायतच्या आखातावर येतो. हे अंतर सुमारे सात हजार किलोमीटर भरते. पृथ्वीच्या पाठीवर याहून जवळची वाट असू शकत नाही. पक्ष्यालाही नाही.

परंतु सतराव्या शतकातल्या माणसाला या दोऱ्याचा काय उपयोग? त्याचे जहाज आफ्रिका खंडाला वळसा घालून येई, आणि ती वाट वीस हजार किलोमीटरच्या घरात जाई. विल्यम हॉकिन्स ज्या ‘हेक्टर’ जहाजावरून आला, ते १६०७ च्या वसंतऋतूत इंग्लंडहून निघाले होते. सुरतेच्या किनाऱ्याला ते १६०८ च्या ऑगस्टमध्ये लागले. वाटेत मुक्काम पडले, वाऱ्याने दगा दिला, आणि दीड वर्ष होत आले. चार वर्षांनी टॉमस बेस्ट हा कप्तान १६१२ च्या १ फेब्रुवारीस निघाला आणि ५ सप्टेंबरला सुवालीस पोचला. दोनशे सतरा दिवस. त्या मानाने हा प्रवास सुखाचा झाला असेच म्हटले पाहिजे. वीस हजार किलोमीटरना या दिवसांनी भागून पाहिले, तर दिवसाला नव्वदच्या आसपास, म्हणजे ताशी चार किलोमीटरही पडत नाहीत. शिडे फुगवून, लाटा कापत येणारे ते डौलदार जहाज, मुक्काम धरून हिशेब केला तर, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने हिंदुस्थानात आले.

ही चाल कोणाच्या मर्जीवर नव्हती. वाऱ्याच्या मर्जीवर होती. नैऋत्येचे मोसमी वारे जहाजाला अरबी समुद्र ओलांडून आणीत आणि ईशान्येचे वारे परत नेत. म्हणून इंग्लंडहून निघावयाचे ते हिवाळा संपता संपता, सुवालीस लागावयाचे ते पावसाळा ओसरताना, आणि परत फिरावयाचे ते पौष-माघाच्या सुमारास. हे वेळापत्रक चुकले की वर्ष चुकले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरमध्ये सुवालीच्या किनाऱ्यावर उतरला. बादशहा जहांगीर तेव्हा अजमेरास होता. रो सुरतेहून नंदुरबार, चोपडे असा आपल्या खानदेशातून बुऱ्हाणपुरास गेला आणि तेथून अजमेरला पोचेपर्यंत डिसेंबरचा अखेरचा आठवडा उजाडला. आता असे समजा, की त्याला आपल्या धन्यांना काही विचारावयाचे आहे. १६१६ च्या आरंभी परतणाऱ्या जहाजावर त्याने पत्र दिले, तर ते शरद ऋतूत लंडनला पोचणार; उत्तर पुढच्या ताफ्याबरोबर १६१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणार आणि सप्टेंबरात सुवालीस येणार. एका प्रश्नाला उत्तर यावयास वीस महिने! अशा स्थितीत दूर देशी बसलेला माणूस नावाला सेवक असला, तरी व्यवहारात आपला आपणच धनी होतो. कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांनी पुढे जी मनमानी केली, तिचे एक कारण या वीस महिन्यांत सापडते असे मला वाटते.

या प्रवासाचे आणखी जुने आणि आपल्याला जवळचे वर्णन फादर स्टीफन्स यांच्या पत्रात मिळते. ‘क्रिस्तपुराण’ लिहून मराठी भाषेला ज्यांनी आपली वाणी वाहिली, तेच हे इंग्रज जेज्वीट. ते १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. दोनशे तीन दिवस. उतरल्यावर पंधरा-वीस दिवसांतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना पत्र लिहून सारी हकिकत कळविली. उत्तर-दक्षिण किती आलो हे ताऱ्यांवरून कळते, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे कळावयास आकाशात स्थिर असे काहीच नाही, ही अडचण त्यांनी फार नेमकेपणाने सांगितली आहे. म्हणजे अंतर तोडणे तर बाजूलाच राहो, ते मोजणेही माणसाला साधलेले नव्हते. समुद्रावर विश्वासाने वेळ दाखविणारे घड्याळ जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात केले, तेव्हा कोठे ते कोडे सुटले. आणि या अंतराची किंमत? हिरड्या सुजून सडण्याच्या रोगाचे वर्णन त्या पत्रात आहे. ताजी भाजी आणि फळे न मिळाल्याने तो होतो, हे ज्ञान पुढच्या काळातले. फादरांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. आणि इतर खेपांच्या मानाने हा आकडा लोक थोडका समजत, असे ते लिहितात. पत्र लिहिणारा नुकताच घर कायमचे सोडून आलेला तरुण आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या शांत वाक्याचा अर्थ कळतो. स्टीफन्स परत कधी गेले नाहीत. १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, तेव्हा रोची वकिलात अजमेरास चालू होती.

वाट लांब असणे ही एक गोष्ट, वाट अडविलेली असणे ही दुसरी. पोर्तुगीजांचा दावा असा होता की हा समुद्र आमचा आहे. आमचा परवाना घेतल्यावाचून कोणी येथे जहाज हाकू नये. त्यांचा गोव्यापासून खंबायतपर्यंत व्यापारी नौकांचा काफिला लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात चाले. वसई, दमण ही ठाणी त्याच वाटेवरची. बेस्टची दोन जहाजे सुवालीस येताच त्यांना हुसकून लावण्यासाठी चार मोठी पोर्तुगीज लढाऊ जहाजे व लहान नौकांचा तांडा चालून आला. १६१२ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस ही झुंज झाली. इंग्रज जहाजे लहान आणि चपळ. पोर्तुगीज जहाजे अवजड, ती उथळ पाण्यात अडखळत आणि वाळूत रुतत. सुवालीच्या त्या वाळूच्या बांधाने अर्धी लढाई जिंकून दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. किनाऱ्यावरून मोगल अंमलदार हे पाहत होते. समुद्रावर पोर्तुगीजांना भारी पडणारे कोणी आहे हे त्यांना कळून चुकले. लवकरच इंग्रजांची सुरतेची वखार कायम झाली. १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय आझेव्हेदो स्वतः मोठे आरमार घेऊन आला, पण निकोलस डाउंटनने त्यालाही येथेच दाद दिली नाही.

सारेच समुद्राने येत असे मात्र नव्हे. टॉमस कोरियट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज जेरुसलेमहून निघून पायी अजमेरला आला. त्याला पंधरा महिन्यांवर काळ लागला आणि अंतर त्याने स्वतःच मोजून सत्तावीसशे मैल सांगितले. दिवसाला सहा मैल पडतात. अलेप्पोपासून अजमेरपर्यंत आपला खर्च तीन पौंडांच्या आत झाला, आणि त्यातही दहा शिलिंग लबाडांनी लुबाडले, हेही तो अभिमानाने कळवितो. पुढे तो आजारी अवस्थेत सुरतेस पोचला. इंग्रज व्यापाऱ्यांनी देशबंधूच्या भेटीच्या आनंदात त्याला मद्य पाजले, आजार बळावला आणि १६१७ च्या डिसेंबरात तो वारला. सुवालीच्या बाजूस एक जुनी घुमटी आहे, ती त्याचीच अशी परंपरा आहे, आणि जुन्या सागरी नकाशांतही खलाशांच्या खुणेसाठी ती त्याच्या नावाने दाखविलेली असे. आयुष्यभर पायी हिंडलेला माणूस मेल्यावर जहाजांना वाट दाखवीत राहिला.

मराठ्यांच्या इतिहासातही या अंतराचा हिशेब येतोच. शिवाजी महाराज १६६४ च्या ६ जानेवारीस सुरतेवर येऊन थडकले. शहराला बातमी लागली ती जेमतेम एक दिवस आधी. सुभेदाराने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. इंग्रज प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्सिंडेनने सुवालीच्या जहाजांवरून खलाशी आणवून वखार राखली. महाराज १० तारखेस निघूनही गेले. कॅपुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासाला त्यांनी धक्का लावू दिला नाही, हे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. आम्हां ख्रिस्ती मराठी माणसांना या नोंदीचे अगत्य वाटावे हे स्वाभाविकच आहे. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले, तेव्हा प्रेसिडेंट जेराल्ड आँजिए आपल्या मंडळासह सुवालीसच होता आणि त्याने तेथून थोडे खलाशी देऊन स्ट्रेन्शम मास्टर याला सुरतेची वखार सांभाळावयास धाडले. या दोन्ही प्रसंगी लंडनमधील धन्यांना पत्ता लागला तो कित्येक महिन्यांनी. तोवर लूट गडावर पोचून तिचा हिशेबही झाला असेल. मराठ्यांची घोडी आणि इंग्रजांची टपाले यांच्या चालीत हा असा फरक होता.

पुढे १६८७ साली इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि सुवालीचे महत्त्व ओसरले. सुरतेने जाता जाता मुंबईला एक देणगी मात्र दिली. लवजी नसरवानजी वाडिया हा जहाजे बांधणारा पारशी कारागीर १७३६ साली सुरतेहून मुंबईस आला. त्याच्या घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीचे नाव जगभर केले. मुंबईच्याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली. ती १८३० च्या २० मार्चला मुंबईहून निघून तेहतीस दिवसांत सुएझला पोचली. वारा कोठून वाहतो हे न विचारता हा समुद्र ओलांडता येतो, हे त्या धूर ओकणाऱ्या बोटीने दाखवून दिले. पण सुएझपासून भूमध्य समुद्रापर्यंत जमिनीवरचा प्रवास होताच. तो १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडल्यावर संपला. मुंबई-लंडन ही वाट सात-आठ हजार किलोमीटरनी कमी झाली आणि प्रवास तीन आठवड्यांच्या आसपास आला. पुढच्याच वर्षी, १८७० साली, मुंबईपासून सुएझपर्यंत समुद्राखालून तार पडली. रोला वीस महिने लागले असते ते उत्तर आता दिवस मावळायच्या आत मिळू लागले.

विमानाने यापुढचा पल्ला गाठला, परंतु तोही एका उडीत नाही. १९२९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची वाहतूक सुरू झाली. सात दिवस लागत. उतारू लंडनहून बासलपर्यंत विमानाने जात. तेथून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडीने. मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियापर्यंत. आणि शेवटी बगदाद, बसरा, इराणचा किनारा करीत कराची. १९३२ साली इराणने परवानगी पुढे चालू ठेवण्याचे नाकारले, तेव्हा ही वाट आखाताच्या अरब बाजूस न्यावी लागली, आणि त्यासाठी शारजाच्या वाळूत धावपट्टी तयार झाली. हे शारजा ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एका चिमुकल्या ‘पुस मॉथ’ विमानात पंचवीस किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादेस पेट्रोल घेतले. ते पेट्रोल विमानापर्यंत बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांनी नेमकी कोणती रेघ धरली ती धरो, पण नकाशावर अहमदाबाद आणि जुहू या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवून पाहा: ती रेषा तापीच्या मुखाजवळून, सध्या जेथे सुरतेचा विमानतळ आहे त्याच्या डोक्यावरून जाते. सुवालीच्या वाळूवरून बैलगाडीने माल सुरतेस नेण्याचा काळ आणि बैलगाडीने विमानाला पेट्रोल आणण्याचा काळ यांत तीनशे वर्षांचे अंतर. बैलगाडी मात्र दोन्हीकडे तीच.

स्वतंत्र भारताचे विमान लंडनला गेले ते १९४८ साली. ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले, कैरो आणि जिनिव्हा करून १० जूनला लंडनला पोचले. वर्तमानपत्रांनी त्या प्रसंगाचे केवढे कौतुक केले! त्याच विमानाचा शेवट फारसा कोणाला आठवत नाही. १९५० च्या ३ नोव्हेंबरला जिनिव्हाकडे जाताना ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि विमानातील अठ्ठेचाळीसही माणसे गेली. उतारूंत बहुतेक भारतीय खलाशी होते. इंग्लंडमध्ये थांबलेल्या एका बोटीवर ते कामाला रुजू होण्यासाठी निघाले होते. बोटीवर वेळेत पोचावे म्हणून ज्यांना आकाशमार्गाने धाडले, ते समुद्र न पाहताच बर्फात राहिले. फादर स्टीफन्सच्या जहाजावरील सत्तावीस जणांच्या शेजारी हे अठ्ठेचाळीस मांडले पाहिजेत.

आज मुंबई-लंडन हा सुमारे बहात्तरशे किलोमीटरचा पल्ला जेट विमान नऊ-दहा तासांत तोडते. जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर अधिक लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे विमानाला येताना ढकलतात आणि जाताना अडवतात. वाऱ्याची मर्जी संपली असे आपण म्हणतो. ती संपली नाही, फक्त महिन्यांवरून मिनिटांवर आली. सुरतेहूनही परदेशी विमान जाऊ लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत येथून पहिली परदेशी वाहतूक सुरू झाली ती शारजाला. सुमारे अठराशे किलोमीटर, तीन तासांच्या आतबाहेर. २०२३ च्या डिसेंबरात सुरतेच्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

आणि तरीही आपला तो गोलावरचा दोरा पूर्ण मोकळा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपल्या आकाशात मज्जाव केला, भारतानेही तसाच प्रतिबंध घातला, आणि उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. समुद्राचीही तीच कथा. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे सुएझचा कालवा बंद होता. आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी आपली जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून धाडली. दहा-बारा दिवस अधिक लागले, तेलाचा खर्च वाढला, विम्याचे दर चढले. बेस्ट आणि रो ज्या भूशिरावरून आले, त्याच भूशिरावरून विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातली मालवाहू जहाजे जाताना पाहून पोर्तुगीजांच्या परवान्याची आठवण कोणाला होणार नाही?

हजीऱ्याला मात्र अलीकडे एक जवळची वाट लाभली. आखातापलीकडे भावनगर जिल्ह्यात घोघा हे जुने बंदर आहे. हजीरा ते घोघा सडकेने गेल्यास आखाताला वळसा घालून सुमारे तीनशे सत्तर किलोमीटर पडतात आणि दहा-बारा तास मोडतात. समुद्रावरून हेच अंतर नव्वद किलोमीटर आहे. ८ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या आठवडाभर आधी, मालमोटारी, मोटारी आणि माणसे एकत्र वाहून नेणारी बोट या दोन ठिकाणांमध्ये सुरू झाली. वेळ चार तासांच्या आसपास. सौराष्ट्रातली हजारो कुटुंबे हिरे घासण्याच्या धंद्यापायी सुरतेस येऊन राहिली आहेत. सणाला गावी जावयाचे तर एक रात्र एस. टी.त आणि परतताना दुसरी रात्र, असा त्यांचा अनुभव होता. चार दिवसांच्या सुटीतले दोन दिवस वाटेतच जात. ते दोन दिवस आता त्यांना म्हाताऱ्या आईबापांजवळ काढता येतात.